सोरायसिसमधील दाहकारक मेदसंदेशक : एखादा दावा कसा वाचावा आणि कसा पारखावा

सोरायसिसच्या रुग्णाला सल्ल्यांची वानवा कधीच नसते. कोणी माशाच्या तेलाच्या कॅप्सूल सुचवतो, कोणी स्वयंपाकातले तेल बदलायला सांगतो, कोणी बजावतो की अंगदुखीच्या गोळीने चट्टे वाढतात, तर कोणी नव्या मलमाची बातमी पाठवतो. वरवर वेगळी वाटणारी ही विधाने बहुतेक वेळा एकाच रासायनिक साखळीबद्दल असतात. आपल्या पेशींच्या आवरणातील मेदापासून काही अल्पायुषी रेणू तयार होतात आणि ते शेजारच्या पेशींना दाहाचा संदेश देतात. त्यांना येथे मेदसंदेशक म्हटले आहे. प्रोस्टाग्लँडिन आणि ल्युकोट्राइन ही त्यांतली सर्वांत परिचित कुटुंबे. ही साखळी एकदा नीट समजली की तिच्याविषयीचा कोणताही दावा, मग तो शोधनिबंधातला असो वा कॅप्सूलच्या डबीवरचा, स्वतः तपासून पाहता येतो. तो कसा तपासावा, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. उपचार ठरवण्याचे काम त्वचारोगतज्ज्ञाचेच. परंतु त्या तज्ज्ञाला नेमका प्रश्न विचारता येणे, हे रुग्णाच्या आणि त्याच्या घरच्यांच्या हातात आहे.

आधी साखळी कागदावर काढा

एक कोरा कागद घ्या आणि सर्वांत वर पेशीचे आवरण काढा. या आवरणातील फॉस्फोलिपिड रेणूंमध्ये ॲराकिडोनिक आम्ल नावाचे मेदाम्ल बांधलेले असते. त्यात २० कार्बन अणू आणि ४ दुहेरी बंध असतात, आणि ते ओमेगा-६ गटातले आहे. पेशीला इजा झाली किंवा दाहाचा इशारा मिळाला की फॉस्फोलिपेज ए२ हे विकर, म्हणजेच एन्झाइम, त्या आम्लाला आवरणातून कापून मोकळे करते. येथून कागदावर दोन फाटे काढा. पहिल्या फाट्यावर सायक्लोऑक्सिजनेज हे विकर लिहा. त्यातून प्रोस्टाग्लँडिन ई२ आणि त्याची भावंडे तयार होतात. दुसऱ्या फाट्यावर लिपॉक्सिजनेज विकरांचे कुटुंब लिहा. त्यातल्या ५-लिपॉक्सिजनेजपासून ल्युकोट्राइन बी४ बनते, तर १२-लिपॉक्सिजनेजपासून १२-एचईटीई हा रेणू बनतो. कागदाची उजवी बाजू सध्या मोकळी ठेवा. तेथे माशांतून मिळणारी ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ मेदाम्ले नंतर येतील.

नकाशाच्या खाली एक टीप अवश्य लिहून ठेवा, कारण पुढचे बरेचसे गैरसमज तिच्या विसरण्यातून जन्माला येतात. हे संदेशक इन्सुलिनसारखे आधी बनवून साठवलेले नसतात. गरज पडली की जागच्या जागी बनतात, आसपास काम करतात आणि लवकर नष्ट होतात. म्हणून रक्तातल्या पातळीवरून त्वचेत काय चालले आहे याचा अंदाज बांधणे कठीण असते. शिवाय त्वचेचा तुकडा काढण्याची क्रिया हीच एक इजा असल्याने, नमुना घेताघेताच त्यात नवे रेणू तयार होऊ शकतात. एखाद्या निबंधात ‘पातळी वाढलेली आढळली’ असे वाचले की नमुना कसा घेतला, तो किती लवकर गोठवला आणि त्याच रुग्णाच्या निरोगी दिसणाऱ्या त्वचेचा नमुना त्याच रीतीने घेतला होता का, हे आधी पाहावे.

औषधे कोठे बसतात ते दाखवा

आता दुसऱ्या रंगाच्या पेनाने औषधांच्या जागा दाखवा. स्टेरॉइडे अगदी वरच्या टोकाला परिणाम करतात: ती ॲनेक्सिन-१ या प्रथिनामार्फत ॲराकिडोनिक आम्ल सुटण्यालाच लगाम घालतात आणि त्याशिवाय दाहाशी संबंधित अनेक जनुकांचे काम मंदावतात. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि इंडोमेथासिन ही औषधे पहिल्या फाट्यावर बसतात. दम्यासाठी वापरले जाणारे झायल्यूटॉन हे ५-लिपॉक्सिजनेजवर बसते. आपल्याकडे सर्दी-ॲलर्जीसाठी सर्रास दिले जाणारे माँटेलुकास्ट ल्युकोट्राइनविरोधी म्हणून ओळखले जाते, त्यामुळे ते सोरायसिसवरही चालेल असा तर्क पुष्कळदा केला जातो. परंतु ते ज्या रिसेप्टरला, म्हणजे संदेश स्वीकारणाऱ्या जागेला, अडवते ती सिस्टिनिल ल्युकोट्राइनांची जागा आहे. ल्युकोट्राइन बी४ ची जागा वेगळी आहे. नावातला एक शब्द सारखा असल्याने नकाशावरची जागा सारखी होत नाही.

सोरायसिसवर आज सर्वांत प्रभावी ठरलेली जैविक औषधे या कागदावर बसतच नाहीत. ती इंटरल्युकिन-२३ आणि इंटरल्युकिन-१७ या प्रथिनरूपी संदेशकांना अडवतात. त्यासाठी शेजारी दुसरा छोटा नकाशा काढा: त्वचेतील डेंड्रायटिक पेशींकडून, म्हणजे पहारा देणाऱ्या प्रतिकारक पेशींकडून, इंटरल्युकिन-२३, त्यामुळे टी पेशी या पांढऱ्या प्रतिकारक पेशींकडून इंटरल्युकिन-१७, आणि त्यामुळे बाह्यत्वचेच्या केराटिनोसाइट पेशींची भरमसाट वाढ. निरोगी बाह्यत्वचेला नवी होण्यास साधारण महिनाभर लागतो. सोरायसिसच्या चट्ट्यात तेच काम काही दिवसांत उरकले जाते, आणि म्हणूनच चंदेरी पापुद्रे साचतात. मेदसंदेशक या दुसऱ्या नकाशाला कोठे जोडले जातात, हाच खरा प्रश्न आहे.

तीन पायऱ्या वेगळ्या ठेवा

कोणत्याही रेणूविषयीचा दावा तीनपैकी कोणत्या पायरीवर उभा आहे ते ठरवा. पहिली पायरी: तो रेणू चट्ट्यात सापडतो. दुसरी: तो रेणू त्वचेवर लावला किंवा टोचला तर रोगासारखे बदल घडतात. तिसरी: तो रेणू अडवला तर माणसाचा रोग कमी होतो. रुग्णाच्या दृष्टीने तिसरीच निर्णायक असते, आणि बातम्या मात्र बहुधा पहिलीवरच्या असतात. हा फरक पटवून देण्यासाठी ल्युकोट्राइन बी४ चा इतिहास मला सर्वांत उपयुक्त वाटतो, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो.

सुरुवात १९७५ मध्ये झाली. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील हामारस्ट्रॉम, सॅम्युएल्सन आणि त्यांच्या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ सहकाऱ्यांनी सोरायसिसच्या बाह्यत्वचेतील मेदरेणू मोजले. मोकळे ॲराकिडोनिक आम्ल आणि १२-एचईटीई त्यांना अनेक पटींनी वाढलेले आढळले. प्रोस्टाग्लँडिनांची वाढ त्या मानाने किरकोळ होती. म्हणजे नकाशाचा दुसरा फाटा पहिल्यापेक्षा अधिक वाहता दिसत होता. सॅम्युएल्सन यांना पुढे १९८२ मध्ये बर्गस्ट्रॉम आणि व्हेन यांच्याबरोबर प्रोस्टाग्लँडिन व संबंधित पदार्थांवरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. ल्युकोट्राइन हे नावही त्यांच्याच प्रयोगशाळेने दिलेले आहे.

१९८० च्या दशकात लंडनमधील त्वचारोग संशोधकांना सोरायसिसच्या पापुद्र्यांत ल्युकोट्राइन बी४ सापडले. हा रेणू न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना ओढून आणणारा अत्यंत तीव्र पदार्थ आहे. तो निरोगी माणसाच्या त्वचेवर लावल्यावर बाह्यत्वचेत न्यूट्रोफिलांचे सूक्ष्म गळू तयार झाले. सोरायसिसचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्वचेच्या शिंगमय थरात जे मन्रो सूक्ष्मगळू शोधले जातात, त्यांच्याशी या गळवांचे साम्य होते. पहिली पायरी पार झाली होती, दुसरीही. १९८२ मध्ये तर बेनॉक्साप्रोफेन या संधिवातावरील औषधाने, ज्याला लिपॉक्सिजनेजचा फाटा अडवण्याचे श्रेय दिले जात होते, काही रुग्णांचे चट्टे सुधारल्याचे प्रसिद्ध झाले. पण यकृताच्या गंभीर दुष्परिणामांमुळे ते औषध त्याच वर्षी बाजारातून मागे घ्यावे लागले.

एवढ्या पुराव्यानंतर कोणालाही वाटले असते की ल्युकोट्राइन बी४ चा रिसेप्टर अडवला की काम झाले. तसे तोंडाने घेण्याचे औषध बनले, त्याची चाचणी झाली, आणि सोरायसिस पुन्हा उसळण्यापासून रोखण्यात ते अपयशी ठरले. पहिल्या दोन पायऱ्यांवरचा पुरावा खोटा नव्हता. परंतु न्यूट्रोफिलांना बोलावणारे रेणू त्वचेत एकच नसतात: इंटरल्युकिन-८ असते, पूरक प्रथिनांचा सी५ए हा तुकडा असतो, एक दार लावले तरी दुसरी उघडीच राहतात. २०१४ मध्ये उंदरांवरील एका अभ्यासाने हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने दाखवली, की ल्युकोट्राइन बी४ चा रिसेप्टर आणि केमोकाइन या पेशींना ओढणाऱ्या प्रथिनांचा सीएक्ससीआर२ हा रिसेप्टर मिळून न्यूट्रोफिलांना त्वचेत आणतात. याच्या तुलनेत इंटरल्युकिन-१७ अडवल्यावर मोठ्या संख्येने रुग्णांची त्वचा जवळजवळ स्वच्छ होते, आणि तिसरी पायरी चढली म्हणजे काय, हे तेथे दिसते.

म्हणून मेदसंदेशक निरुपयोगी, असा निष्कर्ष मात्र काढू नये. अलीकडच्या कामाने त्यांची जागा दोन नकाशांच्या सांध्यावर दाखवली आहे. २०१९ मधील एका अभ्यासात प्रोस्टाग्लँडिन ई२ हे टी पेशींवरील ईपी२ आणि ईपी४ या रिसेप्टरांमार्फत इंटरल्युकिन-२३ च्या संदेशाला बळ देते, असे उंदरांत आढळले. त्याआधी, २०१६ मध्ये, ऑक्सफर्डच्या गटाने माणसाच्या त्वचेविषयी एक अनपेक्षित गोष्ट मांडली. सोरायसिसमधील मास्ट पेशी (ॲलर्जीतही भाग घेणाऱ्या प्रतिकारक पेशी) फॉस्फोलिपेज ए२ च्या एका विशिष्ट प्रकाराला सूक्ष्म पिशव्यांमधून शेजारच्या पेशींपर्यंत पोहोचवतात. तेथे ते विकर नवे मेदरेणू मोकळे करते, आणि सीडी१ए या प्रथिनावर मांडलेले ते रेणू पाहून टी पेशी इंटरल्युकिन-१७ आणि इंटरल्युकिन-२२ सोडतात. येथे मेद हा निरोप्या राहत नाही. टी पेशी ज्याला ओळखते ते लक्ष्यच तो बनतो.

आणखी एक तपासणी: रेणूचे कोणते रूप?

१२-एचईटीईची दोन रूपे असतात, डाव्या-उजव्या हातासारखी एकमेकांची प्रतिबिंबे. रक्तातील प्लेटलेट पेशी एस रूप बनवतात. सोरायसिसच्या चट्ट्यात मुख्यतः आर रूप सापडते. मोजमापाची पद्धत ही दोन रूपे वेगळी करत नसेल, तर आकडा त्वचेविषयी बोलतो की रक्ताविषयी, हे सांगता येत नाही. येथेच दुसरीही खबरदारी घ्यायला हवी. आर रूप बनवणारे १२आर-लिपॉक्सिजनेज हे विकर निरोगी त्वचेचा जलरोधक थर घडवण्यासाठी आवश्यक असते. ते जनुकदोषामुळे जन्मतःच निकामी असलेल्या बालकांना इक्थिऑसिस, म्हणजे सर्वांगावर खवले धरणारा विकार होतो. ‘वाढलेले आहे, तेव्हा बंद करा’ हा सरळ तर्क येथे चालत नाही.

उंदरांवरील प्रयोगाचे काय करावे

त्यांना कमी लेखू नये; फक्त त्यांच्या डोक्यावर ‘उंदीर’ असे ठळक लिहून ठेवावे. आज वापरला जाणारा सर्वांत सोयीचा नमुना म्हणजे उंदराच्या पाठीवर इमिक्विमॉड हे मलम रोज लावून उठवलेला दाह. तो २००९ मध्ये नेदरलँड्समधून प्रसिद्ध झाला. हा दाह काही दिवसांत उठतो आणि मलम थांबवल्यावर ओसरतो. माणसाचा सोरायसिस दशकानुदशके टिकतो, आणि त्वचेतच मुक्काम ठोकलेल्या स्मृतिपेशी त्याच जागी चट्टा पुन्हा उभा करतात. ईपीएपासून बनणाऱ्या रिझॉल्विन ई१ या दाहशामक रेणूने २०१८ मध्ये उंदरांतील असा दाह कमी केला, ही आशादायक गोष्ट आहे. परंतु त्या वाक्यावरून कॅप्सूलची डबी विकत घेणे म्हणजे दोन पायऱ्या गाळून उडी मारणे होय.

माशाचे तेल : एक दावा शेवटपर्यंत तपासू

आता कागदाची उजवी बाजू भरा. ईपीए या मेदाम्लातही २० कार्बन असतात, पण दुहेरी बंध ५. ते त्याच विकरांसाठी ॲराकिडोनिक आम्लाशी स्पर्धा करते, आणि त्यातून ल्युकोट्राइन बी४ ऐवजी खूपच दुर्बळ असे ल्युकोट्राइन बी५ बनते. तर्क सुंदर आहे. त्याला आधार ग्रीनलँडमधून मिळाला: उपर्नाविक जिल्ह्यातील, मासे आणि समुद्री प्राणी खाऊन राहणाऱ्या इन्युइट लोकांच्या १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सोरायसिस विरळा आढळला. तरीही ही पहिल्या पायरीचीही आधीची पायरी, कारण त्या लोकांचा वंश, हवामान आणि जीवनक्रम सगळेच वेगळे होते.

१९८८ मध्ये ब्रिटनमधील २८ रुग्णांच्या चाचणीत निम्म्यांना रोज १० कॅप्सूल माशाचे तेल, म्हणजे १.८ ग्रॅम ईपीए, आणि इतरांना ऑलिव्ह तेलाच्या कॅप्सूल दिल्या गेल्या. ८ आठवड्यांनी खाज, लाली आणि पापुद्रे माशाच्या तेलाच्या गटात कमी झाले. १९९३ मध्ये नॉर्वेतील १४५ रुग्णांवर ४ महिन्यांची चाचणी झाली. माशाच्या तेलाची मात्रा अधिक होती आणि तुलनेला मक्याचे तेल होते. या वेळी दोन गटांत फरक दिसला नाही. अशा वेळी अधिक रुग्णांची आणि अधिक काळ चाललेली चाचणी जड धरावी, असे माझे मत आहे. ओमेगा-३ मेद शिरेतून दिल्यावर रुग्णालयात दाखल रुग्णांना फायदा झाल्याचे १९९८ मध्ये दिसले, पण त्यावरून तोंडाने घेण्याच्या कॅप्सूलविषयी काही सिद्ध होत नाही.

डबीवरचे लेबल असे वाचा. १००० मिलिग्रॅम हा आकडा तेलाचा असतो. साध्या कॅप्सूलमध्ये ईपीए साधारण १८० आणि डीएचए १२० मिलिग्रॅम असते, म्हणजे १९८८ च्या चाचणीतील मात्रा गाठायलाही रोज १० कॅप्सूल लागतील. एवढ्या मात्रेचे धोकेही आहेत. रक्त पातळ करणारे औषध चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये, आणि मोठ्या मात्रेने हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो. बांगडा आणि तारली हे आपल्या किनाऱ्यावरचे तेलकट मासे जेवणात असावेत, ते हृदयासाठीही चांगलेच. ते चट्ट्यांवरचे औषध मात्र नव्हे. जवसाच्या चटणीतील ओमेगा-३ मेदाम्ल वेगळे आहे, आणि शरीर त्याचा फारच थोडा भाग ईपीएमध्ये बदलते. करडईच्या तेलातील लिनोलिक आम्लापासून ॲराकिडोनिक आम्ल बनते हे खरे, पण शरीर त्या रूपांतरावर कडक नियंत्रण ठेवते, त्यामुळे घरातल्या तेलाला रोगाचा गुन्हेगार ठरवण्याचे कारण नाही. आहाराबाबत पुराव्याने खरोखर उभी राहणारी गोष्ट एकच दिसते: वजन जास्त असलेल्या रुग्णाने ते कमी केल्यास सोरायसिसची तीव्रता घटते आणि औषधांना प्रतिसाद सुधारतो.

दुखण्याच्या गोळ्या आणि स्टेरॉइड

पहिला फाटा अडवला की ॲराकिडोनिक आम्ल दुसऱ्या फाट्याकडे वळते आणि ल्युकोट्राइने वाढतात, या तर्कावरून वेदनाशामकांना दोष दिला जातो. अशा गोळ्यांनंतर, विशेषतः इंडोमेथासिननंतर, रोग चिघळल्याच्या नोंदी आहेत. दुसरीकडे सोरायसिसजन्य संधिवातात याच गटाची औषधे नेहमी वापरली जातात आणि अनेकांना ती मानवतात. म्हणून सरसकट नियम न करता वहीत नोंद ठेवा: गोळीचे नाव, सुरू केल्याची तारीख, चट्टे वाढल्याची तारीख, आणि त्याच सुमारास घसा दुखणे, मनावर मोठा ताण किंवा दुसरे नवे औषध होते का. लिथियम, बीटा-ब्लॉकर आणि मलेरियाविरोधी क्लोरोक्विन गटातील औषधे यांचा संबंध वेदनाशामकांपेक्षा अधिक परिचित आहे. हृदयविकारासाठी दिलेली ॲस्पिरिनची छोटी गोळी या तर्काच्या आधारे स्वतःहून कधीही बंद करू नका. त्यात जिवाला धोका आहे.

स्टेरॉइड नकाशाच्या वरच्या टोकाला बसते, म्हणून त्याचा परिणाम झपाट्याने दिसतो, आणि हाच झपाटा रुग्णाला फसवतो. डॉक्टरांनी लिहिलेले स्टेरॉइडचे मलम नेमलेल्या जागी आणि नेमलेल्या दिवसांसाठी हे उत्तम औषध आहे. प्रौढ माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली मलमाची रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. त्याहून जाड थराने लाभ वाढत नाही. परंतु तोंडाने किंवा इंजेक्शनने घेतलेले स्टेरॉइड अचानक थांबवल्यास साधा सोरायसिस पूयुक्त किंवा सर्वांग लाल करणाऱ्या प्रकारात उसळू शकतो. भारतात २०१८ मध्ये स्टेरॉइडची अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा औषधांच्या यादीत आणली गेली, आणि तरीही स्टेरॉइड, प्रतिजैविक व बुरशीरोधक यांची मिश्रणे दुकानातून मागून घेण्याची सवय सुटलेली नाही. घरातल्या प्रत्येक ट्यूबवरचे बारीक अक्षरांतले घटक वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन ही नावे दिसली की ते स्टेरॉइड आहे असे समजा आणि ती ट्यूब डॉक्टरांना दाखवा.

भेटीला जाताना

एकाच कागदावर या गोष्टी लिहून न्या. रुग्णाचा स्वतःचा तळवा बोटांसह शरीराच्या साधारण १ टक्का असतो, त्या मापाने चट्टे किती तळव्यांएवढे आहेत. नखांवर खळगे पडले आहेत का. सकाळी उठल्यावर सांधे अर्ध्या तासाहून अधिक वेळ आखडलेले राहतात का, कारण सांध्यांचे नुकसान उशिरा कळले तर भरून येत नाही. चालू असलेली सर्व औषधे, काढे आणि कॅप्सूल. आणि ज्या दाव्याविषयी विचारायचे आहे, तो तुमच्या मते कोणत्या पायरीवर आहे. अंगावर एकाएकी पुवाच्या पुटकुळ्या उठल्या, त्वचेचा बहुतेक भाग लाल होऊन सोलवटू लागला किंवा त्याबरोबर ताप-हुडहुडी भरली, तर हा कागद बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा.